मैदानाच्या नियमांची बखर

महापालिकेच्या उद्यानाच्या फाटकाशी लावलेला नियमफलक थांबून वाचण्याची आम्हाला जुनी खोड आहे. फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, कुत्री आणू नयेत, सायकल चालवू नये आणि सर्वांत खाली ‘आदेशावरून’. मराठी गद्याच्या इतिहासकारांनी या दालनाकडे लक्ष दिलेले नाही, यात त्यांचा दोष नाही. पण त्या ‘नये’कडे जरा निरखून पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. कोणी तोडू नयेत हे त्यात नाही, आणि कोण सांगतो आहे हेही नाही. वाक्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या. नियम जणू मागच्या अशोकाच्या झाडासारखा जमिनीतूनच उगवला असावा. प्रत्यक्षात अशा प्रत्येक ‘नये’मागे कोणाचा तरी अर्ज, कोणाची तरी तक्रार, क्वचित कोणाचा तरी घोडा किंवा म्हैस उभी असते. मुंबईपुरती ही वंशावळ चाळून पाहावी असे बरेच दिवस मनात होते. २०२५ च्या ऑगस्टात आझाद मैदानाची नवी नियमावली आणि तिच्यावर लोटलेला जनसमुदाय दोन्ही एकाच आठवड्यात वर्तमानपत्रांत वाचायला मिळाले, आणि हे काम आणखी लांबवू नये असे वाटले.

म्हशींपासूनच आरंभ करू. १८३८ च्या सुमारास कंपनी सरकारने मोकळ्या कुरणांवर गुरे चारण्यासाठी फी बसवली. ज्यांना ती परवडेना त्यांची जनावरे उपाशी राहू लागली, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वाराजवळ समुद्राकाठची जमीन घेतली आणि ती फुकट चराईसाठी खुली केली, असे सांगतात. चर्नी रोड हे नाव त्या ‘चरणी’वरून आले ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही; ठाण्याजवळच्या चेंदणीकडे बोट दाखवणारेही आहेत. व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी त्या कथेची घडण पाहण्यासारखी आहे. जागा सर्वांची होती, सरकारने तिच्यावर नियम घातला, आणि नियमाच्या बाहेर पडलेल्यांसाठी एका धनिकाने स्वतःच्या पैशाने दुसरी जागा करून दिली. पुढच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात हीच तीन पात्रे वेश बदलून येत राहतात.

किल्ल्याच्या तटाबाहेरचे एस्प्लनेड हे मुळात उद्यान नव्हतेच. तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात आडोसा राहू नये म्हणून जमीन मोकळी ठेवलेली होती. आज ज्या हिरव्या पट्ट्याला आपण मुंबईचे फुप्फुस म्हणतो तो लष्करी गरजेचा अवशेष आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तट पाडण्याचे दिवस येऊन ठेपले होते. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट गेला, रस्ते आखले गेले, आणि त्या विस्तीर्ण माळाचे तुकडे पडले. आजचे ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज हे ते तुकडे. त्याच दशकात, १८६२ साली, भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणजे आपली राणीची बाग उघडली गेली. बाग आणि मैदान यांतला फरक तेव्हापासूनचा आहे. बाग ही कोणीतरी लावलेली, कुंपणातली, ‘तोडू नये’ची जागा, मैदान हे उरलेले, बेवारशी वाटणारे, म्हणून ज्याला त्याला आपले वाटणारे. बागेच्या नियमांवरून फारशी भांडणे झाली नाहीत. मैदानांवरून मात्र झाली.

त्यांतले पहिले मोठे भांडण क्रिकेटचे. १८७५ साली बॉम्बे जिमखाना स्थापन झाला आणि परेड ग्राउंडच्या टोकाला गोऱ्यांच्या क्लबची इमारत उभी राहिली. तिथे एतद्देशीयांना सभासदत्व नव्हते. उरलेल्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे दगड वेचून, स्टंप रोवून खेळत असत. क्लबच्या साहेबांना पोलो खेळायचा होता. त्यांचे घोडे त्याच मैदानावर संध्याकाळी दौडत आणि टापांनी खेळपट्ट्या उखणून जात. दुसऱ्या दिवशी तिथे टाकलेला चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसे. १८८० च्या दशकाच्या आरंभी क्रिकेट खेळणाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केले. आमच्या शब्दांत सांगायचे तर अर्जांचा आशय असा, की आठवड्यातून एकदोनदा मूठभर माणसे घोड्यावर बसतात, त्यासाठी रोज खेळणाऱ्या शेकडोंचे मैदान नासवावे काय? सरकारने आधी पोलो कूपरेजला हलवण्यास अनुकूलता दाखवली आणि नंतर क्लबच्या दबावापुढे पाऊल मागे घेतले. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटवेत्त्याने या सगळ्याची हकिकत इंग्रजीत पुस्तकरूपाने १८९७ साली छापली. रामचंद्र गुहांनी आपल्या क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात तिचा भरपूर उपयोग केला आहे.

या प्रकरणाचा शेवट आम्हाला आरंभाहून अधिक बोलका वाटतो. परेड ग्राउंड सर्वांना समान राहील असा नियम सरकारने केला नाही. समुद्र हटवून केनेडी सी-फेसवर निघालेल्या जमिनीचे तुकडे जमातवार वाटले गेले. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना शेजारी शेजारी उभे राहिले; गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांचे नाव या वाटपाशी जोडलेले आहे. त्यांच्याच नावाच्या ढालीसाठी शाळकरी मुले पुढे खेळत राहिली, आणि १९८८ च्या फेब्रुवारीत त्याच स्पर्धेत तेंडुलकर-कांबळी या जोडीने आझाद मैदानावर ६६४ धावांची अभंग भागी केली, हे जाता जाता. सामायिक जागेचा तंटा आला की जागा वाटून टाकायची, ही युक्ती इथे प्रथम यशस्वी झाली. त्यातून तिरंगी, चौरंगी, पंचरंगी सामने जन्मले आणि १९४६ पर्यंत चालले. आणि वाटलेल्या तुकड्याच्या आतही रेषा होत्याच. पळवणकर बाळू हा हिंदूंचा सर्वांत मोठा गोलंदाज, पण पुण्याच्या क्लबात त्याला चहा मैदानाबाहेर, वेगळ्या भांड्यातून मिळे. कोणत्याही फलकावर हा नियम लिहिलेला नव्हता.

लिखित नियमांकडे वळायचे तर १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम उघडावा लागतो. आजही शहराचा कारभार त्याच कायद्यावर चालतो. त्याच्या ६१ व्या कलमात पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. गटारे, पाणी, दिवाबत्ती, स्मशाने ही त्यांतली. उद्याने, बागा, क्रीडांगणे आणि करमणुकीची मैदाने मात्र ६३ व्या कलमात येतात, जिथे पालिका आपल्या मर्जीनुसार काय काय करू शकेल त्याची यादी आहे. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ या दोन क्रियारूपांत केवढे अंतर आहे हे व्याकरणाच्या मास्तरांना सांगायला नको. मृताला जागा देणे पालिकेवर बंधनकारक, मुलाला खेळायला देणे ऐच्छिक! पुढे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने उद्याने-क्रीडांगणे नगरपालिकांच्या कामांच्या बाराव्या अनुसूचीत घातली, पण अनुसूचीत नाव येणे म्हणजे कर्तव्य होणे नव्हे.

आणि तरीही पालिकेने कधीकधी आपली मर्जी चांगली वापरली. १९२५ साली माहीमच्या शेतजमिनीवर एक विस्तीर्ण पार्क निघाला, माहीम पार्क. दोन वर्षांनी, शिवाजी महाराजांच्या जन्माची त्या काळी मानली जाणारी त्रिशताब्दी आली तेव्हा, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचे नाव शिवाजी पार्क झाले. गांधीजींचे पहिले मराठी चरित्र लिहिणाऱ्या आणि त्याला टिळकांची प्रस्तावना मिळवणाऱ्या त्याच या अवंतिकाबाई. या पार्काच्या रचनेत आम्हाला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती कुंपणाची गोष्ट. त्याभोवती उंच गजांचे कुंपण नाही, बुटका कट्टा आहे. कट्टा आत-बाहेर वेगळे करतो, पण त्यावर बसणारा माणूस एकाच वेळी दोन्हीकडे असतो. साऱ्या मराठी मध्यमवर्गाने गप्पा मारायला हीच जागा निवडली, यात नवल नाही.

मैदानावर क्रिकेट खेळण्याचा हक्क मागणारे पुढच्या पिढीत सभा घेण्याचा हक्क मागू लागले. १९३० च्या कायदेभंगात एस्प्लनेड मैदानाचे आझाद मैदान झाले. नामांतराचा ठराव कोणत्या कार्यालयाने केला हे विचारण्यात अर्थ नाही. लोकांनी हाक मारली आणि नाव रूढ झाले. १९३१ च्या डिसेंबरात लंडनहून रिक्त हस्ते परतलेले गांधीजी तिथेच प्रचंड सभेत बोलले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी नेते तुरुंगात असताना अरुणा असफ अली यांनी तिथे झेंडा फडकवला. नियमाच्या भाषेत हे सर्व विनापरवाना होते. त्यातल्याच मैदानांना स्वातंत्र्यानंतर आपण हुतात्म्यांची आणि क्रांतीची नावे दिली, आणि विनापरवाना सभेवरचे कायदे मात्र जवळजवळ तसेच ठेवले. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातील ३३ वे कलम आयुक्तांना नियम करण्याचा अधिकार देते, ३७ वे जमावबंदीचा. दोन्हींचा रोख जुनाच.

या संदर्भात १९७२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मराठी वाचकांत फारसा चर्चिला गेलेला नाही. प्रकरण अहमदाबादचे होते, पण कायदा आपलाच, मुंबई पोलीस कायदा. हिंमतलाल शाह यांनी रस्त्यावर सभा घेण्याची परवानगी मागितली, पोलिसांनी ती नाकारली. घटनापीठाने सांगितले, की सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याच्या नागरिकांच्या हक्कावर वाजवी नियमन घालता येईल, पण परवानगी द्यावी की नाकारावी याचे कोणतेही सूत्र न सांगता ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम घटनेत बसत नाही. तो नियम रद्द झाला. ‘आदेशावरून’ या शब्दाला न्यायालयाने विचारलेला हा प्रश्न होता: कोणाच्या, आणि कशाच्या आधारे?

इथवर गोष्ट सरळ आहे. लोक एका बाजूला, सत्ता दुसऱ्या. पुढे ती तशी राहत नाही, आणि आमची स्वतःची मतेही इथून पुढे डळमळू लागतात.

शिवाजी पार्कचेच पाहा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी ते गाजवले, १९६६ च्या ऑक्टोबरात शिवसेनेचा पहिला मेळावा तिथे झाला, आणि मग निवडणुकांच्या सभा, देवस्थानांचे सोहळे, ध्वनिक्षेपकांच्या भिंती वाढत गेल्या. भोवतालच्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी, परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी काय करावे? रहिवाशांच्या एका संस्थेने न्यायालय गाठले, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांच्या आधारे २०१० च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. १ मे, ६ डिसेंबर, २६ जानेवारी हे दिवस वगळले. पुढे २०१६ साली राज्य सरकारने वर्षातले ४५ दिवस खेळेतर वापरासाठी राखून ठेवले, त्यांत दसरा मेळावाही आला; २०२२ साली शिवसेनेच्या दोन गटांत मैदानावरून तंटा झाला तेव्हा उच्च न्यायालयात हाच शासननिर्णय उपयोगी पडला. सुज्ञ तडजोड, असे कोणीही म्हणेल. आम्हीही म्हणतो. मात्र रहिवाशांचा अर्ज आणि पोलोविरुद्धचा अर्ज शेजारी ठेवून पाहिले की बोच लागते. तेव्हा मैदानाजवळ न राहणारे बहुसंख्य तक्रार करत होते. आता मैदानाकडे तोंड केलेल्या गच्च्यांची तक्रार आहे. दोन्ही अर्ज खरे आहेत. पण नियम घडवण्याची ताकद कोणाकडे सरकली, हे त्यांतून दिसल्याशिवाय राहत नाही.

दरम्यान मैदानांवर आणखी एक संकट आले, आणि ते गोंगाट न करता आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरण्यांच्या जमिनी विकसित करायच्या झाल्यास साधारणपणे एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, उरलेली मालकाला. गिरणगावाला बागा मिळण्याची ही शंभर वर्षांतली एकमेव संधी होती. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सबंध जमिनीची नव्हे, तर ज्यावर बांधकाम नाही अशा रिकाम्या भागाचीच. गिरण्यांच्या आवारात रिकामे असे असते किती? उच्च न्यायालयाने २००५ साली हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मार्चमध्ये दुरुस्ती उचलून धरली. एकाही सभेवर लाठी न चालता एवढे मोठे मैदान हातचे गेले, केवळ एका विशेषणाने. आमच्या मते मुंबईच्या मोकळ्या जागांच्या इतिहासातला सर्वांत महागडा शब्द ‘रिकामी’ हा आहे.

जमशेटजींच्या वारसदारांचीही कथा याच काळातली. पालिकेला बागा राखता येत नाहीत, तर त्या खाजगी संस्थांना दत्तक द्याव्यात, हे धोरण १९९० च्या दशकात सुरू झाले. काहींनी बागा उत्तम राखल्या, हे मान्य केले पाहिजे. ओव्हलसारखे गर्दुल्ल्यांच्या हाती गेलेले मैदान रहिवाशांच्या खटपटीने पुन्हा खेळण्याजोगे झाले. काहींनी मात्र सार्वजनिक मैदानावर क्लबच्या इमारती उठवून सभासदशुल्क लावले. आमच्यापैकी एकाला उपनगरातल्या अशाच एका आरक्षित मैदानाच्या दारावरून रखवालदाराने परत पाठवले होते; ओळखपत्र नव्हते म्हणून. २०१६ च्या जानेवारीत पालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले तेव्हा नागरिकांनी इतका गदारोळ केला, की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याचे फर्मान निघाले. सगळे परत आले नाहीत. २०२३ साली, सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाच्या हाती असताना, नव्या दत्तक धोरणाचा मसुदा पुन्हा लोकांपुढे आला आणि पुन्हा विरोध झाला. १८३८ मध्ये फी सरकारने लावली होती आणि मोकळीक धनिकाने दिली होती, ही अदलाबदल वाचकांनी लक्षात घ्यावी.

आता आझाद मैदान. पूर्वी मोर्चे काळा घोड्यापाशी अडवले जात. चर्चगेट-नरीमन पॉईंट भागातील रहिवाशांच्या संस्थेने १९९७ साली उच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यानंतर आंदोलनांसाठी आझाद मैदानाचा एक कोपरा ठरला. नियमावली करा, असे सांगितले गेले होते. ती प्रत्यक्षात यायला २०२५ उजाडले. जमाव पाच हजारांचा, वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, परवानगी एका दिवसाची. कागदावर पाहिले तर तिच्यात वाईट काय आहे? १९७२ च्या निकालाला हवे असलेले सूत्र तिच्यात आहे, मर्जी नाही. क्रिकेटचा भाग वेगळा, निषेधाचा वेगळा. जिमखान्यांची जुनीच युक्ती. २९ ऑगस्टला मराठा आरक्षणाचे आंदोलन तिच्यावर येऊन आदळले. पाच हजारांच्या कोपऱ्यात कितीतरी पटींनी माणसे आली, पावसात स्थानकात आणि रस्त्यांवर पसरली, १ सप्टेंबरला न्यायालयाने अटींचा भंग झाल्याचे सांगून रस्ते मोकळे करण्यास फर्मावले, आणि दुसऱ्या दिवशी शासननिर्णय निघून आंदोलन मिटले.

त्या मागणीविषयी कोणाचे काहीही मत असो, तो इथे आमचा विषय नाही. आम्हाला त्या आठवड्यात राहून राहून २०१८ चा किसान मोर्चा आठवत होता. नाशिकहून चालत आलेले हजारो शेतकरी ११ मार्चच्या रात्री शीवला मुक्कामी होते. सकाळी निघाले असते तर दहावीच्या मुलांना परीक्षाकेंद्रांवर पोचायला अडचण झाली असती, म्हणून ते फोड आलेल्या पायांनी रात्रीच उठले आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानात जाऊन बसले. मुंबईकरांनी त्यांचे फार कौतुक केले. शेतकऱ्यांनी नियमाबाहेर जाऊन शहराचा विचार केला होता. २०२५ च्या नियमावलीने मात्र अशा पाहुण्याची वेळ नऊ ते सहा ठरवली आहे, आणि सहाच्या पुढे बीडच्या किंवा जालन्याच्या माणसाने कुठे जावे याविषयी तिच्यात आम्हाला काही आढळले नाही. तिचा मसुदा करताना डोळ्यांपुढे चर्चगेटहून गाडी पकडून घरी जाणारा निदर्शक असावा.

हा प्रश्न सुटण्याजोगा नाही असेही नाही. ६ डिसेंबरच्या आदल्या दिवसांत चैत्यभूमीला येणाऱ्या लक्षावधी लोकांसाठी हीच महापालिका शिवाजी पार्कवर मांडव घालते, पाण्याचे नळ आणि फिरती शौचालये उभी करते, दिवे लावते. माणसे मैदानावर झोपतात, सकाळी रांगेत लागतात. पुस्तकांची दुकाने तिथे अशी लागतात, की एरवी मराठी प्रकाशकांनी हेवा करावा; गावाकडे परतणाऱ्याच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी पुस्तक असते. त्या तीन दिवसांत शांतता क्षेत्र आणि खेळपट्ट्या यांचे नियम कोणी मोडत नाही. ते बदलून ठेवलेले असतात, आणि किती माणसे येतील, कुठे निजतील, काय पितील हे आधीपासून ठरवून ठेवलेले असते. ही व्यवस्थाही आपोआप झालेली नाही. वर्षानुवर्षे लोक येतच राहिले म्हणून पालिकेला ती करावी लागली. आझाद मैदानाच्या नियमावलीचा पुढचा मसुदा ज्यांच्या हाती येईल त्यांनी त्याआधी ५ डिसेंबरच्या रात्री दादरला एक फेरी मारून यावी, एवढीच आमची विनंती आहे.